सातपूरहून मायानगरीस

काशी, रामेश्वर, हंपी, बदरीनारायण येथील प्रवासवर्णनें वाचकांनीं या पानांवर पुष्कळ वाचलीं असतील. आम्ही आज जी यात्रा सांगणार आहों तिला तिकीट लागलें नाहीं, वळकटी बांधावी लागली नाहीं, कीं निघतांना कोणी हातावर दहीं घातलें नाहीं. सातपूर येथील आमच्या घराच्या माडीवर, पाठ मोडकी असलेल्या एका खुर्चींत बसून आम्ही चार देश हिंडून आलों. ते देश भूगोलाच्या पुस्तकांत नाहींत. परंतु तेथें लक्षावधि माणसें जातात, व्यापार करतात, लढतात, क्वचित् लग्नेंही लावतात. आमच्याच घरांतील एक मुलगा त्यांपैकीं एका देशांत चार वर्षें राहत होता, आणि आम्हांस त्याची वार्ताही नव्हती.

सातपूर हें नांव बाहेरच्या वाचकांस कारखान्यांमुळें ठाऊक असेल. नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबक रस्त्यावरचें हें पूर्वीं एक निराळें गांव. 1982 सालीं नाशिकची महानगरपालिका झाली तेव्हां तें शहरांत सामील झालें. औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या बदलल्या कीं रस्ता दुचाकी गाड्यांनीं भरून वाहतो. मधून नासर्डी नदी जाते. तिला नदी म्हणावयाचें तें जुन्या ओळखीखातर. आमच्या गच्चीवर उभें राहिलें कीं दूर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. पौष वद्य एकादशीच्या आधीं याच रस्त्यानें निवृत्तिनाथांच्या दिंड्या त्र्यंबकेश्वराकडे जातात, आणि घरोघर चहाचीं पातेलीं चढतात. आमचे थोरले बंधू पस्तीस वर्षें येथल्या एका कारखान्यांत होते. आम्ही प्राथमिक शाळेंत मास्तर. इंग्रजी मॅट्रिकपुरतें, संस्कृत वडिलांच्या पायांशीं बसून शिकलेलें. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें.

बंधूंचा नातू तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षास आहे. मुलगा अबोल. चारचौघांत कांहीं विचारलें तर "हूं" यापलीकडे उत्तर नाहीं. गेल्या परीक्षेंत तो दोन विषयांत नापास झाला, आणि घरांतील सर्वांचें बोट त्याच्या संगणकाकडे गेलें. तें यंत्र विकून टाकावें असें वहिनींचें मत. पुतण्यास रात्रपाळीहून आल्यावर मत देण्याइतकें त्राण उरत नसे. सूनबाई डोळ्यांस पदर लावीत. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मास्तर होतां. तुम्हीच काय तें बघा."

ज्यानें तीस वर्षें पोरांच्या हातांतून गोट्या, पतंग आणि चेंडू हिसकावून घेतले, त्यास उपाय सुचायला कितीसा वेळ लागणार? मार्गशीर्षांतल्या एका मंगळवारीं रात्रीं पाऊण वाजतां माडीवरून कळफलकाची टकटक ऐकूं आली. आम्हीं जिन्याखालच्या वायफायच्या खोक्याची तार ओढली आणि स्वस्थ झोंपलों.

सकाळीं चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. पोहे खाऊन निघून गेला. आम्ही माडीवर गेलों तों पडदा उघडाच होता, व त्यावर त्यानें सात अनोळखी माणसांना इंग्रजींत लिहिलेला मजकूर होता. त्याचा आशय असा कीं, माझ्या घरीं अडचण आली, दोष सर्वस्वी माझा, तुमची सर्वांची रात्र वाया गेली, क्षमा असावी. खालीं कोणीं तरी विचारलें होतें, घरीं सर्व क्षेम आहे ना? पुढें कळलें तें असें. आठ जणांची एक टोळी महिनाभर एका राक्षसाशीं लढण्याची तालीम करीत होती. त्या आठांत दोन वैद्य. आमचा मुलगा त्यांपैकीं एक. त्या रात्रीं राक्षस मरावयास आला असतां एक वैद्य एकाएकीं अदृश्य झाला, आणि उरलेले एकामागून एक पडले. हें सगळें आम्हांस तेव्हां समजलें नव्हतें. एवढें मात्र समजलें कीं, त्यानें आजोबांचें नांव कोठेंही घेतलें नव्हतें.

तो आला तेव्हां आम्हीं म्हटलें, "बाळ, तुझें तें गांव मला एकदां दाखव." त्यानें आमच्याकडे असें पाहिलें कीं, त्या नजरेचा आम्हांस अजून विसर पडत नाहीं. मग खालमानेनें म्हणाला, "आजोबा, माझ्या गांवीं एकदम नको. आधीं सोप्या गांवीं जाऊं."

येथें थोडें व्युत्पत्तीचें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. या देशांत शिरतांना प्रत्येकास एक देह निवडावा लागतो, त्यास जगभर 'अवतार' असें आपलेंच नांव आहे. रिचर्ड गॅरियट या अमेरिकेंत वाढलेल्या खेळकर्त्यानें 1985 सालीं आपल्या एका खेळाच्या नांवांत तो शब्द घातला, आणि पुढल्याच वर्षीं 'हॅबिटॅट' नांवाच्या दुसऱ्या एका खेळानें पडद्यावरील बाहुल्यास तो लावला. सोंग घेऊन, पुष्कळांनीं मिळून, दुरून खेळण्याची ही कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं 1978 च्या सुमारास असा पहिला खेळ रचला; त्यांत चित्र नव्हतें, सर्व कांहीं अक्षरांत. आपल्याकडे मात्र याहून जुने दाखले आहेत. ज्यांच्या नांवानें आमच्या समोरचा डोंगर ओळखला जातो ते पांडव तेरावें वर्ष विराटाच्या घरीं काय करीत होते? धर्मराज कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा. आमच्या चिरंजीवाचा अवतार स्त्रीचा आहे हें पाहून सूनबाई चपापल्या, तेव्हां आम्हीं त्यांना बृहन्नडेचीच आठवण दिली. आणि शंकराचार्यांची ती आख्यायिका प्रसिद्धच आहे: आचार्य अमरुक राजाच्या देहांत शिरले असतां त्यांचा मूळ देह शिष्य गुहेंत राखीत होते. राखण करणें हें घरच्यांचें काम. आम्ही तार ओढून मोकळे झालों होतों.

पहिला देश रूनस्केप. केंब्रिज येथील गॉवर बंधूंनीं तो 2001 सालीं उघडला. पुढें त्यांत इतके फेरफार झाले कीं जुने रहिवासी कंटाळले. तेव्हां त्यांचें मत घेऊन 2013 सालीं त्याचें 2007 सालचें रूप पुन्हां उभारण्यांत आलें. आम्ही याच जुन्या गांवीं उतरलों. चित्रें ओबडधोबड, माणसांचीं तोंडें लांकडीं खेळण्यांसारखीं. प्रथम एका बेटावर सर्व नवख्यांस शिकवितात, आणि मग लंब्रिज नांवाच्या किल्ल्याच्या गांवीं सोडून देतात. किल्ल्याच्या मुदपाकखान्यांत एक आचारी डोक्यास हात लावून बसला होता. धन्याच्या वाढदिवसाचा केक करावयाचा आणि जिन्नस आणावयास विसरला. आम्हीं त्याला गाईचें दूध काढून दिलें, पवनचक्कींतून पीठ दळून आणलें. तिसरा जिन्नस होता अंडें. नाइलाज झाला.

तेथून दक्षिणेस दलदल आहे. तेथें जाळें टाकून बसावयाचें. हातास काय लागलें, तर कोळंबी! सात पिढ्या ज्या घरांत कांदालसूण चातुर्मासांत वर्ज्य, त्या घरचा मास्तर कोळंबी धरीत बसला आणि ती भाजतांना निम्मी जाळली, ही वार्ता खालीं स्वयंपाकघरांत पोंचली तेव्हां वहिनींनीं विळी बाजूस ठेवली. "भावजी, बाकीचें असूं द्या, पण मासे?" आम्हीं सांगितलें, वहिनी, हे पाण्यांतले नव्हेत, पडद्यावरचे आहेत. त्या म्हणाल्या, "मन तर तुमचेंच ना?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आतांही नाहीं.

परंतु काय सांगावें! त्या दलदलीच्या कांठीं बसण्यांत एक सुख आहे. कोणी परका शेजारीं येऊन जाळें टाकतो, दोन शब्द बोलतो, जातो. एका अपरिचितानें आमच्या हातांत कांशाची कुऱ्हाड पाहून पोलादी कुऱ्हाड पुढें केली आणि नांव न सांगतां निघून गेला. आम्हीं चिरंजीवास विचारलें, यानें याचें काय साधलें? तो म्हणाला, "त्यालाही कोणीं तरी दिली असेल." चार वर्षांत त्यानें आमच्यापाशीं उच्चारलेलें तें पहिलें पूर्ण वाक्य.

या देशांत प्रत्येक कामाची पायरी असते, एकापासून नव्याण्णवापर्यंत. मास्तराच्या स्वभावास अनुसरून आम्हीं हिशेब मांडला. नव्याण्णवावी पायरी गांठण्यास 1,30,34,431 गुण लागतात. ब्याण्णवाव्या पायरीस लागतात 65,17,253. म्हणजे ब्याण्णव पायऱ्या चढून गेल्यावर निम्मी वाट सरते, आणि उरलेल्या सात पायऱ्यांत दुसरी निम्मी! हें गणित ज्यानें रचलें त्यास मनुष्याचा लोभ पक्का ठाऊक असावा. पहिल्या पायऱ्या मिनिटांत चढतात, हातास चटक लागते, आणि मग माणूस महिनोन्‌महिने एकच झाड तोडीत बसतो. रात्रीं जेवणाची हांक आली असतां आम्हींच एकदां "एवढें झालें कीं आलोंच" म्हणालों, आणि ते शब्द कोणाचे हें आठवून खालीं जातांना जिन्यांत थबकलों. मुलें वाईट असतात म्हणून हे खेळ त्यांना धरून ठेवतात असें नव्हे. धरून ठेवण्यासाठींच यांतली कित्येक कलाकुसर केलेली असते. हा दोष आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

त्या देशांत बाजारही आहे आणि बाजारांत ठकही. एक गृहस्थ मोठ्या अक्षरांत ओरडत होता, पैसे द्या, दुप्पट करून देतों. आम्हीं शंभर नाणीं दिलीं, त्यानें दोनशें दिलीं. मग आम्हीं साडेतीन हजार दिलीं. गृहस्थ अंतर्धान पावला. दामदुपटीच्या योजनांत निवृत्त माणसांचा फंड बुडाल्याच्या गोष्टी ऐकून आम्ही ज्यांना हंसत होतों, त्यांची आम्हीं मनांतल्या मनांत क्षमा मागितली. दुसरी एक गोष्ट चिरंजीवानें सांगितली, ती याहून गंभीर आहे. व्हेनेझुएला देशांत चलनाची माती झाली तेव्हां तेथील कित्येक लोक या खेळांत रात्रंदिवस राबून मिळविलेलें खोटें सोनें परदेशी खेळाडूंस खऱ्या पैशांस विकूं लागले, आणि त्यावर घरें चालवूं लागले. खेळाच्या नियमांत तें बसत नाहीं. पण आमच्या घरासमोरून तीन पाळ्यांचीं माणसें जातांयेतां आम्ही रोज पाहतों. ती चौथी पाळी ऐकून आम्हांस राक्षसांची लढाई फिकी वाटली.

दुसरा देश वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, 2004 च्या नोव्हेंबरांत उघडलेला. फार विस्तीर्ण, फार गजबजलेला. येथें आम्ही आठ दिवसच राहिलों, लांडग्यांनीं सारखें मारलें. परंतु तेथें 2005 च्या सप्टेंबरांत घडलेली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. हक्कार नांवाच्या सर्पदेवाचा एक रक्तशाप होता, तो त्याच्या मंदिराबाहेर पडूं नये अशी योजना होती. खेळाडूंच्या पाळीव जनावरांबरोबर तो शहरांत आला, आणि चौकांत हाडांचे सांपळे पसरले. कोणी वैद्य धांवून आले आणि स्वतः बाधित झाले. कोणी रानांत पळाले. कोणी मुद्दाम साथ पसरवीत हिंडले. चालकांना शेवटीं सर्व्हर पूर्वस्थितीवर आणावे लागले. साथीच्या रोगांच्या अभ्यासकांनीं 2007 सालीं यावर निबंध लिहिला. आम्हीं 2020 सालचा वैशाख याच माडीवरून पाहिला आहे. बंद कारखाने, ओस रस्ता, आणि मुंबईहून नाशिकमार्गें उत्तरेस पायीं निघालेल्या मजुरांच्या बातम्या. तेव्हां धांवणारे, पळणारे आणि पसरविणारे तिन्ही प्रकार आम्हीं खऱ्या देहांत पाहिले.

तिसरा देश ईव्ह, आइसलंडच्या लोकांनीं 2003 सालीं काढलेला. तेथें भूमि नाहीं, सर्व अंतराळ. आणि जिकडे तिकडे आंकड्यांचीं कोष्टकें. आम्ही दुसऱ्या दिवशीं परत फिरलों. फक्त एक गोष्ट तेथली आमच्या लक्षांत राहिली. 2014 च्या जानेवारींत एका संघाकडून एका तारामंडळाच्या मालकीचें देणें वेळेवर भरलें गेलें नाहीं. तेवढ्यावरून सुमारें एकवीस तास युद्ध चाललें, सात हजारांहून अधिक माणसें त्यांत पडलीं, आणि बुडालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत सुमारें तीन लाख डॉलर ठरली. हप्ता चुकवूं नये हें सांगण्यास याहून मोठा दृष्टांत कोठें मिळणार?

मधेंच वहिनींनीं वर्तमानपत्राचें कात्रण आणून ठेवलें कीं, सरकारनें असले खेळ बंद केले आहेत. खुलासा केला पाहिजे, कारण पुष्कळ घरांत हा घोटाळा होतो. 2020 च्या सप्टेंबरांत सरकारनें 118 ॲपांवर बंदी घातली, त्यांत पबजी हा बंदुकांचा खेळ होता. 2025 च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा केला तो पैसे लावून खेळण्याच्या खेळांविरुद्ध. आम्ही सांगतों ते देश या दोहोंपैकीं कशांतही येत नाहींत. त्यांत मासिक वर्गणी असते, पैज नसते. पुण्याच्या मंडळींनीं 2020 सालीं 'राजी' नांवाचा आपल्या पुराणांवरचा सुरेख खेळ केला, पण तो एकट्यानें खेळावयाचा. अनेकांनीं मिळून राहण्याजोगा आपल्या कथांचा एखादा देश कोणी वसवील तर आम्ही पाहिजे तर पंतोजी म्हणून तेथें नोकरी धरूं.

आतां चौथा देश, म्हणजे चिरंजीवाचें गांव. याचें नांव फायनल फँटसी, त्यांतील चौदावें. जपानी लोकांनीं 2010 सालीं तो प्रथम उघडला तेव्हां तो इतका फसला कीं कंपनीनें लोकांची माफी मागितली. मग नाओकी योशिदा या गृहस्थाकडे तो सोंपविण्यांत आला. त्यांनीं डागडुजी केली नाहीं, प्रलय केला. 2012 च्या नोव्हेंबरांत आकाशांतून एक चंद्र खालीं आला, जुनें जग जळून गेलें, सर्व्हर बंद झाले. आणि 2013 च्या ऑगस्टांत तेंच जग नव्यानें जन्मास आलें. कल्पांत आणि पुनःसृष्टि आम्ही पुराणांत शिकविलीं होतीं. त्यांच्या तारखा मात्र प्रथमच पाहिल्या. तेथें समुद्रकांठीं लिम्सा लोमिन्सा नांवाचें एक पांढरें शुभ्र शहर आहे, रानांत ग्रिडानिया, वाळवंटांत उलडाह. चौकांत लोक वीणा, बांसरी घेऊन बसतात आणि येणारेजाणारे उभे राहून ऐकतात.

एका मंगळवारीं आम्ही चिरंजीवाच्या पाठीशीं स्टुलावर बसून त्याची लढाई पाहिली. यूरोपांतील सोबत्यांची सायंकाळ म्हणजे आमची मध्यरात्र, हेंही तेव्हां कळलें. कानांवर यंत्र लावून तो बोलत होता. आमचा "हूं" म्हणणारा मुलगा! अस्खलित इंग्रजींत, न ओरडतां, कोणास मागें ये, कोणास थांब, कोणास घाबरूं नकोस म्हणत होता, आणि सातही जण ऐकत होते. एका नवख्याच्या चुकीनें सारे पडले; एकानें त्याला टोंचून बोललें असावें, तों आमचा चिरंजीव म्हणाला, चूक माझी, मीं उशीर केला. चूक त्याची नव्हती. आम्ही पाहत होतों. तीस वर्षें वर्गांत आम्हीं जें शिकवूं पाहिलें तें तो कोठें शिकून आला, या विचारानें आमची झोंप गेली.

नॉर्वे देशांतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत त्यानेंच मग सांगितली. स्नायूंच्या असाध्य विकारानें त्याचें शरीर जखडलेलें. 2014 सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो वारला. मुलगा एकाकी गेला असें मायबापांस वाटत होतें. त्याच्या लेखनाच्या जागीं त्यांनीं निधनवार्ता दिली, आणि देशोदेशींहून पत्रें येऊं लागलीं. दुसऱ्या देशांत, त्या वॉरक्राफ्टांत, तो आइबेलिन नांवानें कित्येकांचा जिवलग होता. त्यांतील कांहीं जण अंत्यविधीस आले. या विषयावर 2024 सालीं बोलपटही निघाला. आमचा मुलगा धडधाकट आहे, ईश्वरकृपेनें. पण एका छपराखालीं नऊ माणसें राहून त्याचें बोलणें ऐकायला आम्हांस स्टूल घेऊन मध्यरात्रीं बसावें लागलें.

घरीं बैठक झाली. यंत्र राहिलें. मंगळवार आणि शुक्रवार या दोन रात्री त्याच्या, बाकीच्या रात्रीं दहाला दिवा बंद. आणि तारेस कोणीं हात लावावयाचा नाहीं, आम्हींही नाहीं. पुरवणी परीक्षेंत दोहोंपैकीं एक विषय सुटला, दुसरा राहिला आहे. वहिनी त्याचें खापर अजून यंत्रावर फोडतात, आणि त्या सर्वस्वी चुकतात असें आम्हांस म्हणवत नाहीं.

एक देणें राहिलें होतें. पौष वद्य दशमीस शेवटच्या दिंड्यांना चहा देऊन झाल्यावर आम्हीं चिरंजीवास खालीं बसवून मजकूर सांगितला आणि त्यानें तो इंग्रजींत करून त्या सातांना पाठविला: त्या रात्रीं तार आम्हीं ओढली, मुलाचा अपराध नव्हता, वृद्ध मास्तराची चूक पोटांत घालावी. तो लिहितांना दोनदां थांबला. अर्ध्या तासांत उत्तरें आलीं. एकानें लिहिलें कीं त्याची आई असेंच करीत असे, आणि आतां ती नाहीं. दुसऱ्यानें विचारलें, आजोबा आमच्या टोळींत येणार असतील तर कोणतें काम पत्करतील, ढालीचें कीं तलवारीचें?

आम्ही उत्तर जुळवीत होतों, तोंच चिरंजीवानें परस्पर लिहून टाकलें, "मासेमारी."